अंगणात मांडून जुने सामान विकायचे आहे, पण मागच्या वेळी निम्मे सामान परत घरात आले

माळ्याखाली यांचा प्रश्न:

आमचा माळा, जिन्याखालची जागा आणि एक अख्खी खोली 22 वर्षांच्या सामानाने भरली आहे. त्यातले बहुतेक आम्ही वापरत नाही आणि ते टाकवतही नाही. दोन वर्षांपूर्वी हे सामान अंगणात मांडून विकण्याचा प्रयत्न केला होता. दिवसभर माणसे येत-जात राहिली, थोडी भांडी, काही पुस्तके आणि एक सायकल गेली. मात्र संध्याकाळी पाहिले तर बाहेर काढलेल्यापैकी निम्म्याहून अधिक वस्तू जागच्या जागी होत्या, आणि थकल्यामुळे आम्ही त्या पुन्हा त्याच खोलीत रचल्या. या वेळी तसे होऊ नये अशी इच्छा आहे. किमती कशा ठरवाव्यात, मांडणीत काय चुकले असावे आणि कोणत्या वस्तू विक्रीला ठेवूच नयेत, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी पेटी यांचे उत्तर:

तुमची चूक संध्याकाळी झाली असे तुम्हाला वाटते, पण ती विक्रीच्या आधीच झालेली होती. उरलेले सामान कुठे जाणार हे ठरलेले नसले की थकलेला माणूस ते हमखास घरातच आणतो. म्हणून विक्रीचा दिवस ठरवण्याआधी उरलेल्या वस्तू घेणारी संस्था किंवा माणूस शोधावा, ते कोणत्या वस्तू घेतात आणि कोणत्या नाकारतात हे विचारून घ्यावे, आणि विक्री संपण्याच्याच वेळेला त्यांची गाडी बोलवावी. गाडी दारात उभी राहणार हे माहीत असले की शेवटच्या दोन तासांत किमती निम्म्यावर आणताना हात अडत नाही.

किमतींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक विक्री तिथेच अडते. डॅनिएल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले होते. ज्यांच्या हाती मग आला त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, मग न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या मगाची ही स्थिती, तर 22 वर्षे सांभाळलेल्या सामानाची काय असेल? आपण त्यात आठवणींची किंमत धरतो, घेणाऱ्याला मात्र समोरचा टवका दिसतो. त्यामुळे मी किमती ठरवण्याचे काम शेजाऱ्यांवर सोपवले आणि त्यांच्या सामानाच्या किमती मी ठरवल्या. हे जमत नसेल तर प्रत्येक वस्तूसमोर उभे राहून ‘ही दुसऱ्याच्या अंगणात दिसली असती तर मी आज किती दिले असते’ असे स्वतःला विचारावे. माझ्या अनुभवात किरकोळ वस्तू नव्याच्या दहाव्या हिश्शाला सहज जातात, भक्कम लाकडी सामानाला चौथा ते तिसरा हिस्सा मिळू शकतो, आणि कपड्यांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

उंबरठा यांचे उत्तर:

वरील बहुतेक मुद्दे पटले, परंतु किमती दुसऱ्याकडून ठरवून घेण्यापेक्षा त्या प्रत्येक वस्तूवर लिहून ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. चिठ्ठी नसली की संकोची माणूस विचारतच नाही, वस्तू खाली ठेवतो आणि निघून जातो. किंमत विचारायला न येणारी ही माणसे किती असतात याचा विक्रेत्याला पत्ताही लागत नाही. आकडे पूर्ण ठेवावेत, म्हणजे सुट्या पैशांचा घोळ होत नाही, आणि थोडी घासाघीस धरूनच ते लिहावेत.

मागच्या वेळी तुम्ही वस्तू जमिनीवर चादर पसरून मांडल्या होत्या का? चादरीवर ठेवलेली चांगली वस्तूही भंगारासारखी दिसते, आणि गुडघे दुखणारी माणसे खाली वाकत नाहीत. टेबले कमी पडली तर दोन खुर्च्यांवर जुने दार आडवे टाकावे. कपडे घडी करून ठेवण्यापेक्षा दोरीवर टांगावेत आणि जवळ आरसा ठेवावा. विजेच्या उपकरणांसाठी घरातून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर आणावा, कारण चालू करून पाहता येत नसलेला पंखा घेणारा तो बिघडलेलाच आहे असे धरून चालतो. सर्वांत मोठी आणि देखणी वस्तू रस्त्यावरून दिसेल अशी पुढे ठेवावी.

पैशांचा डबा टेबलावर ठेवू नये, कमरेला पिशवी बांधावी. घराचे दार कुलूपबंद असावे, आणि कोणी स्वच्छतागृह वापरू का असे विचारले तर नम्रपणे नकार द्यावा.

किल्लीची जुडी यांचे उत्तर:

काय विकू नये, याबद्दल लिहिते. अपघातात सापडलेले हेल्मेट अजिबात विकू नये. त्याच्या आतला फोमचा थर एकदा दाबला गेला की पूर्ववत होत नाही आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. गाडीतल्या लहान मुलांच्या आसनांचेही तसेच. त्यांचा इतिहास माहीत नसेल तर ती विक्रीबाहेर ठेवावीत. उरलेली औषधे आणि बॅटरी फुगलेले फोन यांना अंगणात जागा नाही.

जुना फोन द्यायचा असेल तर आधी त्यातल्या खात्यातून बाहेर पडावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावा. हा क्रम चुकला तर नव्या मालकाकडे तो फोन तुमचा पासवर्ड मागत बसू शकतो. संगणकातल्या फायली नुसत्या डिलीट केल्याने डिस्कवरची माहिती लगेच पुसली जात नाही, तेव्हा डिस्क काढून घेणे बरे.

कोटांचे खिसे, पर्सचे कप्पे, पुस्तकांची पाने आणि कपाटांच्या खणांची मागची बाजूही तपासावी. मी एकदा एक लहान कपाट विकले आणि त्याच्या खणात चिकटून राहिलेले जन्माचे दाखले घेणाऱ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी परत आणून दिले. त्या आल्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार अजूनही नकोसा वाटतो. आणि घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय त्याची वस्तू बाहेर नेऊ नये. माझ्या मुलीने तिच्या स्केट्सबद्दल मला अद्याप माफ केलेले नाही.

माळ्याखाली यांची प्रतिक्रिया:

चादरीचा अंदाज अचूक आहे, आम्ही सगळे जमिनीवरच मांडले होते. आणखी एक शंका. आमच्याकडे 15 खंडांचा एक ज्ञानकोश आणि चांगल्या अवस्थेतली एक हार्मोनियम आहे. या दोन वस्तू पडत्या भावात देववत नाहीत.

जुनी पेटी यांचे उत्तर:

दोन्हींचे उत्तर वेगवेगळे आहे. हार्मोनियम अंगणात ठेवूच नका. अशा विक्रीला येणारा माणूस स्वस्ताच्या शोधात असतो, तर वाद्य वाजवणारा माणूस वाद्य शोधत असतो. त्यामुळे तिचे फोटो काढून स्वतंत्र जाहिरात द्यावी, आणि घेणाऱ्याने वाजवून पाहिल्यावरच किमतीचे बोलावे. ज्ञानकोशाचे मात्र मन घट्ट करा. संचाची मूळ किंमत कितीही असली तरी जुन्या आवृत्त्यांना ग्राहक क्वचितच मिळतो, आणि अनेक ग्रंथालयेही ते घेत नाहीत. दारात गाडी उभी राहील तेव्हा ते 15 खंड सर्वांत आधी चढवा, कारण शेवटी राहिले तर त्या जड गठ्ठ्यांना कोणीच हात लावणार नाही.