लठ्ठ, स्थूल, अतिवजन की नुसतं 'पोट सुटलंय'?

चर्चाप्रस्ताव

नमस्कार मंडळी. आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे.

मजकुरात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आहेत. 15 ते 49 वयाच्या दर शंभर भारतीय बायकांत प्रमाणाबाहेर वजन असलेल्या 2005-06 साली साधारण 13 होत्या, 2015-16 मध्ये 21 आणि 2019-21 मध्ये 24. पुरुष 9 वरून 19 वर आणि मग 23 वर गेले. मी लिहिलं, '24 टक्के स्त्रिया लठ्ठ'. तपासणाऱ्यांनी 'लठ्ठ' खोडून 'स्थूल' केलं. तेवढ्यात दुसरा कागद हाती आला. 2024 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातल्या प्रौढ स्त्रियांत 'स्थूल' असण्याचं प्रमाण 1990 मध्ये 1.2 टक्के होतं, ते 2022 मध्ये 9.8 टक्के झालं. पुरुषांत 0.5 वरून 5.4.

देश तोच, काळही जवळपास तोच. मग एकीकडे 24 आणि दुसरीकडे 10 कसे? वयोगट थोडा वेगळा आहे हे खरं, पण एवढा फरक त्याने पडणार नाही. माझी शंका आहे की घोळ मराठी शब्दाचा आहे.

प्रतिसाद

शंका बरोबर आहे ताई. दोन्हीकडे मोजलंय बीएमआयनेच, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण सर्वेक्षणाचा तो आकडा 25 आणि त्यापुढच्या सगळ्यांचा आहे, तर लॅन्सेटचा 30 आणि त्यापुढच्यांचा. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या हिशेबात सांगायचं तर पहिली रेघ 60 किलोवर पडते आणि दुसरी 72 किलोवर. मधल्या बारा किलोंतल्या सगळ्या बायका एका कागदावर मोजल्या जातात, दुसऱ्यावर नाहीत. मराठी बातमीत मात्र दोघींना 'लठ्ठ' हा एकच शब्द.

त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या तज्ज्ञांनी 2009 साली भारतीयांसाठी वेगळ्या रेघा सुचवल्या. 23 पासून अतिवजन आणि 25 पासूनच स्थूलता. म्हणजे 61 किलोची तीच बाई सर्वेक्षणात नुसती जास्त वजनाची आणि या मोजमापाने स्थूल. माझं मत: 25 ते 30 ला 'अतिवजन', 30 पुढे 'स्थूलता', आणि जिथे दोन्ही मिळून आकडा असेल तिथे 'अतिवजन किंवा स्थूलता' असं पूर्ण लिहावं. वाक्य लांबलं तरी चालेल. आकड्याशेजारी कोणती रेघ धरली तेही द्यावं.

प्रतिसाद

'स्थूल' खेडोपाडी कितपत कळेल? मराठीत तो शब्द 'सूक्ष्म'च्या विरुद्ध जास्त चालतो. 'स्थूलमानाने' म्हणजे ढोबळमानाने. आमच्या तालुक्यात 'तुम्ही स्थूल आहात' म्हटलं तर समोरची बाई विचारेल, म्हणजे काय?

शब्द जुना आहे, यात वाद नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित देह सांगितलेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश शेजारी शेजारी आहेत. त्या दोघांत कृश बरा, असंही तिथे म्हटलंय. पण 'निंदित' हे विशेषण बघा. निंदा तेव्हापासून या शब्दाला चिकटलेली आहे.

लोकांच्या तोंडी मात्र उलट चित्र आहे. अंग धरलंय, बाळसं आलंय, गुटगुटीत, भरल्या अंगाची, खात्यापित्या घरची, तब्येत सुधारली. ही सगळी कौतुकं. 'वाळलीस गं' ही काळजी. शेलाटी, सडपातळ हीसुद्धा स्तुतीच, पण ती लग्नाच्या मुलीची. चाळिशीतल्या बाईला तसं कोणी म्हणत नाही. माझ्या आजीने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, लाल मिलोच्या भाकऱ्या आणि सुकडी खाऊन मुलं जगवली. माझ्या अंगावर मांस दिसलं की ती दोन्ही हातांनी माझे दंड चाचपायची आणि म्हणायची, "आता कशी तब्येतीत आलीस!" तिच्यासाठी तो आशीर्वाद होता. सर्वेक्षणातच बघा, 2005-06 मध्ये शंभरात 36 बायका प्रमाणापेक्षा बारीक होत्या आणि 13 जास्त वजनाच्या. 2019-21 मध्ये 19 बारीक आणि 24 जास्त वजनाच्या. पारडं फिरायला पंधरा वर्षं पुरली. शब्द इतक्या लवकर फिरत नाहीत, आणि आजीचे शब्द चुकीचे ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

प्रतिसाद

मी आशा आहे, माझा अनुभव सांगते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा आम्ही एक तक्ता भरतो. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला साखर-बीपी आहे का हे विचारतो आणि कंबर मोजतो. बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत असेल तर गुण शून्य, 90 च्या वर गेली की दोन. पुरुषांना 90 आणि 100.

टेप लावायला निऱ्या थोड्या खाली सरकवाव्या लागतात. बाई लाजते, श्वास ओढून पोट आत घेते. त्या वेळी तोंडातून 'लठ्ठ' शब्द गेला की संपलं, पुढच्या महिन्यात ती दार उघडत नाही. एकीच्या सासूने माझ्यासमोर तिला 'जाडी' म्हटलं तेव्हा ती टेप सोडून आत निघून गेली. आता मी म्हणते, "काकू, पोट जरा सुटलंय, साखर तपासून घेऊ." 'सुटलंय' ऐकून कोणी रागावत नाही. उलट स्वतःच सांगायला लागतात, दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटलं, शिवणयंत्रावर बसायला लागल्यापासून सुटलं.

प्रतिसाद

आशाताईंचा शब्द शास्त्राच्याही जास्त जवळ आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनाच्या काट्यावर दोघेही बारीकच. म्हणून भारतीय माणसाबद्दल बोलताना 'लठ्ठ' आणि 'जाड' हे शब्द अपुरे पडतात. हातपाय काटकुळे, पण पोट पुढे, अशी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. 2019-21 च्या सर्वेक्षणात कंबर-नितंबाचं गुणोत्तर पहिल्यांदा मोजलं, तेव्हा निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के बायका आणि 48 टक्के पुरुष धोक्याच्या रेघेपलीकडे निघाले. यांतल्या कितीतरी जणांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही. 'पोट सुटणे' मात्र त्यांना नेमकं लागू पडतं.

प्रतिसाद

मला हे पटत नाही. 'लठ्ठपणा' सगळ्यांना कळतो, पाठ्यपुस्तकात आहे, वर्तमानपत्रात आहे. आज 'स्थूल' सौम्य वाटतो, दहा वर्षांनी तोही टोमणा होईल. बदलायची तर वागणूक बदला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादातलं वागणुकीचं म्हणणं मान्य. तरीही 'लठ्ठ' मी काढते आहे, कारण तो माणसाला लागतो, आजाराला नाही. 'ती लठ्ठ आहे' म्हटलं की ती बाई म्हणजेच दोष, असं होतं. 'तिचं वजन जास्त आहे' म्हटलं तर बाई शाबूत राहते आणि वजनाबद्दल बोलता येतं. शिवाय या सगळ्या बदलात तिचं तिने एकटीने काय केलं? पामतेलाची आयात खुली झाली 1994 साली, तळलेलं स्वस्त झालं, पाच रुपयांची पाकिटं वाडीवस्तीवरच्या टपरीत लटकली, जातं गेलं, विहिरीवरून पाणी ओढणं गेलं. जातं गेलं याचं मला दुःख नाही, पण त्याचा दोष तिच्या कमरेवर एका विशेषणात लादू नये.

तर असं ठरवलंय. तक्त्यात 'अतिवजन (बीएमआय 25 ते 29.9)' आणि 'स्थूलता (30 आणि पुढे)'. आशाताईंनी घरी बोलायची वाक्यं वेगळ्या चौकटीत, त्यांत फक्त 'वजन वाढलंय' आणि 'पोट सुटलंय'. बारीक अंगाच्या पण पोट सुटलेल्या माणसाचं चित्र पहिल्या पानावर.

एक जागा अजून रिकामी आहे. अंगाने बारीक पण आतून चरबी असलेल्या माणसाला तुमच्याकडे, वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात, काही शब्द आहे का? पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाते आहे.