टॅब आणि तोंडाने बोलणं

तोंडाने न बोलणाऱ्या मुलांना चित्र दाबलं की शब्द बोलणारा टॅब देतात. "टॅबची सवय लागली की मूल तोंडाने बोलायचा प्रयत्नच सोडेल," ही भीती पालकांना वाटते. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये हाताच्या खुणा, चित्रं अशा बोलण्याला पर्यायी साधनांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यातल्या भरवशाच्या अभ्यासांमधल्या २७ जणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं, अर्थात थोडंथोडंच.

पण आकड्यांनी मन शांत होत नाही. माझा गोव्यातल्या डिचोलीचा भाचा चित्रं दाबून बोलतो. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि टॅबमधली बाई हिंदी! माझी बहीण म्हणाली, "इतकी वर्षं 'आई' ऐकायला थांबले, आणि हाक आली ती परक्या बाईच्या आवाजात." यावर काय बोलणार? शेवटी तिनं थोरल्या मुलाच्या आवाजात कोंकणी शब्द रेकॉर्ड करून बटणांवर घातले. आता नक्की कोण हाक मारतोय याचा घरात रोज घोळ.

सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण 'नाका', म्हणजे कोंकणीतलं 'नको'. पेज नाका, आंघोळ नाका, पाहुणे तर नाकाच. आजीला हा उद्धटपणा वाटतो, मला ती प्रगती वाटते.

एक मात्र खटकतं: सारखं तेच दाबतो म्हणून वर्गात टॅब काढून घेतात. बडबड्या मुलाच्या तोंडाला कोणी चिकटपट्टी लावतं का?

आणि पावसात वीज जातेच, तेव्हा तीच चित्रं छापून, लॅमिनेट करून दप्तरात ठेवा. चित्रांची जागा टॅबवर आहे तशीच ठेवा, नाहीतर मूल वैतागतं.