घर आठ-दहा दिवस बंद राहतं: कुलूप, अलार्म की कॅमेरा, आधी काय? मदत हवी आहे

पायरी (धागाकर्ती)

तळमजल्यावरचं स्वतंत्र घर आहे. पुढचा दरवाजा लाकडी, त्याला नाइट लॅच आणि बाहेरून कडी-कोयंडा. मागच्या दाराला आतून एकच कडी. खिडक्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या. दोन खिडक्यांनाच ग्रिल आहे. न्हाणीघराला आडव्या काचपट्ट्यांची खिडकी. घर वरचेवर आठ-दहा दिवस बंद असतं. सगळं एकदम करणं झेपणार नाही. घरात चार कॅमेऱ्यांचा संच घ्यायचं चाललंय. आधी काय करावं?

रंधा

कॅमेरे सध्या बाजूला ठेवा. मागच्या दारापासून सुरुवात करा. तिथे कोणाची नजर नसते, त्यामुळे पहार चालवायला हवा तितका वेळ मिळतो. दार बंद करून वरचा आणि खालचा कोपरा हाताने दाबून बघा. एकाच कडीवर असलेलं दार कोपऱ्यात हलतं आणि पहारीचं टोक नेमकं त्या फटीत शिरतं. वर एक आणि खाली एक बोल्ट लावा, शिवाय मधोमध आडवा अडसर: 25-30 मिमीची चौकोनी लोखंडी नळी, दोन्ही बाजूंना लोखंडी खोबणींत बसणारी. खोबणी चौकटीला ठोकू नका, भिंतीत 10 मिमीच्या अँकर फास्टनरने (भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) बसवा. घरातून निघताना तुम्ही पुढच्या दाराने जाता, म्हणजे मागचं दार आतून पूर्ण बंदिस्त करता येतं. बाहेरून उघडायला त्यावर काहीच उरत नाही.

आता पुढचं दार. नाइट लॅचची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते. दार नुसतं ओढून घेतलं तर प्लॅस्टिकची पट्टी सरकवूनही ती मागे जाते. किल्ली फिरवून डबल लॉक करण्याची सोय असेल तर दर वेळी करा. त्याच्या जोडीला वेगळं डेडबोल्ट कुलूप हवं (स्प्रिंग नसलेली, किल्लीनेच सरकणारी सरळ जीभ), जीभ निदान 20 मिमी बाहेर येणारी.

पण कुलूप कितीही भारी असलं तरी बहुतेक वेळा कुलूप तुटत नाही, चौकट फाटते. जीभ ज्या पट्टीत शिरते तिचे स्क्रू काढून बघा, अनेकदा 15-20 मिमीचेच निघतात. तिथे 75 मिमीचे घाला. आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी असेल (ठोकल्यावर पोकळ आवाज येतो) तर सिमेंट-वाळूचा माल ठासून भरा. पोकळी राहिली तर पहारीने चौकट बाजूला झुकते आणि जीभ आपोआप सुटते.

बाहेरच्या कोयंड्याचे स्क्रू कडी लावल्यावरही दिसत असतील तर कुलपाला हात न लावता ते पेचकसाने निघतात. तिथे गोल डोक्याचे आरपार बोल्ट घाला, नट-वॉशर आतून. माझं मत विचाराल तर डेडबोल्ट बसल्यावर बाहेरचं टाळं काढूनच टाका. घरात कोणी नाही हे ते लांबूनच सांगतं.

झरोका

न्हाणीघराची खिडकी विसरू नका. त्या काचपट्ट्या अॅल्युमिनियमच्या क्लिपा वाकवून बाहेरून आवाज न होता एकेक काढता येतात. इपॉक्सीने चिकटवल्या तर वेळ लागतो, एवढंच. आतून 12 मिमीचे गज भिंतीत रोवणं हाच खरा इलाज.

सरकत्या खिडक्यांत वेगळीच अडचण असते: झडप वर उचलली की खालच्या रुळातून सुटते. खिडकी बंद करून वरच्या रुळात, झडपेच्या डोक्यावर, दोन-तीन स्क्रू असे पिळा की डोकी झडपेला जेमतेम घासणार नाहीत. उचलायला जागाच राहत नाही. खालच्या रुळात झडप सरकते त्या मोकळ्या भागाच्या मापाची काठी आडवी टाका, फट 5 मिमीपेक्षा जास्त नको.

पहारा

रंधा यांच्याशी सहमत. दारं-खिडक्या झाल्या की अलार्म, कॅमेरे त्यानंतर. कॅमेरा चित्र टिपतो, दार धरून ठेवत नाही. आतला सायरन मात्र चोराचा वेळ कमी करतो.

दाराचा चुंबकी सेन्सर बसवताना दोन तुकड्यांत 10 मिमीच्या आसपास अंतर ठेवा. पत्र्याच्या दारावर चुंबकाचा जोर घटतो, मध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा घाला. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर समोरून थेट येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला लवकर पकडतो, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात 2 ते 2.3 मीटरवर लावा. ऊन येणाऱ्या खिडकीकडे तोंड नको, खोटे इशारे येत राहतात आणि मग माणसं यंत्रच बंद करून टाकतात. सायरनला बॅटरी हवी, मीटर बाहेर असेल तर वीज तोडणं सोपं असतं.

कॅमेरे घेतलेच तर हिशेब असा: 2 एमबीपीएसवर (दर सेकंदाला 2 मेगाबिट रेकॉर्डिंग) एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21 जीबी भरतो. चार कॅमेरे आणि 1 टीबी डिस्क म्हणजे साधारण 11 दिवस. तुम्ही दहा दिवसांनी परतलात तर पहिला दिवस पुसला जाण्याच्या बेतात असेल. हालचालीवरच रेकॉर्डिंग ठेवा, मूळ पासवर्ड बदला आणि रेकॉर्डर टीव्हीखाली न ठेवता लपवा. छताजवळच्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते. एक तरी कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर, दारासमोर हवा.

पायरी

खूप आभार. उरलेल्या सगळ्या खिडक्यांना कायमचं ग्रिल लावून टाकू का?

रंधा

सगळ्यांना नको. आग लागली आणि दाराकडे जाता आलं नाही तर अडकाल. प्रत्येक झोपायच्या खोलीत एका ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा. तिची किल्ली खिडकीतून हात घालून पोचणार नाही अशा जागी, पण अंधारातही सापडेल अशी खिळ्याला टांगा. ती झडप दर दोन महिन्यांनी उघडून बघा, रंग आणि गंजाने बिजागऱ्या धरतात. गजांमधलं अंतर 100 मिमीच्या आत असू द्या. ग्रिल बाहेरून साध्या स्क्रूने बसवलं असेल तर स्क्रूची डोकी वेल्ड करून घ्या. तुमची दोन जुनी ग्रिलंही याच नजरेने तपासा.