व्हर्जिनिया: डॉमिनियनच्या देणग्या आणि आपले आमदार. नेमकं काय आणि कुठे तपासायचं?

लाउडनकर

व्हर्जिनियातल्या बहुतेक घरांना वीज डॉमिनियन एनर्जीची. दुसरी कंपनी निवडायची सोय नाही. विजेचे दर राज्याचा आयोग (स्टेट कॉर्पोरेशन कमिशन) ठरवतो, आयोगाने कसं वागायचं ते आमदार ठरवतात आणि त्याच आमदारांच्या प्रचाराला कंपनी देणगी देते. यात लपवाछपवीही नाही, सगळं जाहीर आहे. म्हणून काही नेमके प्रश्न:

१. हे कायदेशीर कसं?
२. आपल्या डेलिगेटने (खालच्या सभागृहाचा, म्हणजे हाऊसचा आमदार) आणि सिनेटरने (वरच्या सभागृहाचा) किती घेतले ते कुठे बघायचं?
३. देणग्यांमुळे एखादा कायदा खरोखर बदलला असं दाखवता येतं का, की नुसता संशय?
४. हा पैसा आपल्याच बिलातून जातो का?

"सगळे राजकारणी सारखेच" छापाची उत्तरं नकोत, ती व्हॉट्सॲपवर भरपूर मिळतात.

जेम्सकाठ

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

कायदेशीर आहे, आणि तेही विनामर्यादा. केंद्रातल्या निवडणुकांत कंपनीला उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत, ही बंदी १९०७ पासूनची. राज्याच्या निवडणुकांचा कायदा मात्र ज्या त्या राज्याचा. व्हर्जिनियात कंपनी स्वतःच्या खात्यातून उमेदवाराला चेक देऊ शकते आणि रकमेला हद्द नाही. बंधनं लक्षात ठेवावीत अशी दोनच. एका देणगीदाराकडून एकूण १०० डॉलरपेक्षा जास्त आले की त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय अहवालात द्यावा लागतो. आणि नियमित अधिवेशन चालू असताना आमदाराला देणगी मागता किंवा घेता येत नाही. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांतल्या नोंदी वेगळ्या काढून बघा.

आकडे बघण्यासाठी 'व्हर्जिनिया पब्लिक ॲक्सेस प्रोजेक्ट' ही कोणत्याही पक्षाची नसलेली संस्था आहे, तिचं संकेतस्थळ फुकट आहे. आमदाराच्या नावाने शोधा, देणगीदारांची उतरती यादी येते. मूळ अहवाल राज्याच्या निवडणूक विभागाकडे असतात, पण तिथे नाव जसं भरलं तसंच दिसतं, एकत्र केलेलं नसतं. लोक फसतात ते इथे:

- कंपनीचं नाव २०१७ मध्ये बदललं. त्याआधीचं शोधायचं तर 'डॉमिनियन रिसोर्सेस' टाका, नाहीतर जुनी वर्षं कोरी दिसतील.
- कंपनीची देणगी, कंपनीच्या पॅकची (निवडणुकीसाठी पैसा गोळा करून वाटणारी समिती) देणगी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी खिशातून दिलेली देणगी या तीन वेगळ्या नोंदी असतात. एकच बघून बेरीज करू नका.
- सिनेटरची मुदत चार वर्षं, डेलिगेटची दोन. सिनेटरचा मधल्या वर्षाचा आकडा घेऊन "याने काहीच घेतलं नाही" म्हणू नका. तुलना निवडणूक ते निवडणूक करा.
- सगळ्यात मोठी गफलत: पैसा नेत्याच्या पॅकला किंवा पक्षाच्या कॉकसला (सभागृहातल्या आमदारांचा गट) जातो आणि तिथून उमेदवाराला. उमेदवाराच्या यादीत मग नेत्याचं नाव दिसतं, कंपनीचं नाही. म्हणून आमदाराच्या यादीतला प्रत्येक मोठा पॅक उघडून त्याचे देणगीदार बघावे लागतात.

शेवटच्या मुद्द्याचं गाजलेलं उदाहरण २०२१ चं. 'अकाउंटेबिलिटी व्हर्जिनिया' नावाच्या पॅकने ग्रामीण भागात गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार यंगकिन यांच्याविरुद्ध जाहिराती केल्या, रोख असा की ते बंदुकांच्या बाजूने पुरेसे कडवे नाहीत. पॅक होता डेमोक्रॅटिक पक्षाशी जोडलेल्या लोकांचा आणि त्यात डॉमिनियनचे पैसे होते. बातमी फुटल्यावर कंपनीचे प्रमुख बॉब ब्लू यांनी, आम्ही नीट चौकशी केली नाही असं सांगून पैसे परत मागितले. कंपनी दोन्ही पक्षांना देते, त्यामुळे हा लाल-निळ्याचा विषय समजू नका.

दरपत्रक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मतदानाच्या तक्त्यात शोधू नका, तिथे ते सापडत नाही. विधेयकाच्या मजकुरात शोधा: आयोगाला काय *करता येणार नाही* असं लिहिलंय?

२०१५ चं सिनेट विधेयक १३४९ घ्या. सिनेटर फ्रँक वॅगनर यांनी मांडलेलं. ओबामांच्या काळातला कोळसा केंद्रांवरचा नियम येतोय, खर्च वाढेल, म्हणून ग्राहकांच्या रक्षणासाठी बेस रेट (बिलातला मूळ दर) गोठवू, असं कारण दिलं. ऐकायला छान. पण दर गोठवले म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी तपासणीही थांबली. जास्त कमावलं असेल तर ग्राहकाला परत द्या, हे आयोगाला ज्या तपासणीत म्हणता येतं तीच ती. केंद्राच्या त्या नियमाला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्थगिती दिली. कारण गेलं, गोठवणूक राहिली. इंधन आकार आणि रायडर (ठरावीक खर्चासाठी बिलात वेगळा लागणारा आकार) मात्र गोठवलेले नव्हते, त्यामुळे "गोठवलेलं" बिल हलत राहिलं.

मग २०१८ चा ग्रिडसुधारणेचा कायदा. गोठवणूक उठली, ग्राहकांना २० कोटी डॉलर परत मिळाले, मथळे तेवढेच आले. आत तीन गोष्टी होत्या. तपासणी दोनऐवजी तीन वर्षांनी. जास्तीची कमाई परत करण्याऐवजी ग्रिड आणि अक्षय ऊर्जेवरच्या खर्चात वळती करायची मुभा. आणि पहिल्या तपासणीत आयोगाने दर कापायचा तर वर्षाला ५ कोटी डॉलरपेक्षा जास्त नाही. मूळ मसुद्यात तर कंपनी तोच खर्च जादा कमाईतूनही भागवणार आणि पुन्हा दरातूनही वसूल करणार, अशी दुहेरी सोय होती. ती हाऊसमध्ये दुरुस्ती करून काढली गेली.

ती पहिली तपासणी २०२१ मध्ये झाली, २०१७ ते २०२० या चार वर्षांची. तडजोडीत ३३ कोटी डॉलरचा परतावा ठरला आणि दरकपात किती? बरोबर ५ कोटी. आकडा तीन वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवला होता, आयोगाच्या न्यायाधीशांना (आयोगाच्या सदस्यांना इथे न्यायाधीश म्हणतात) त्याच्या पलीकडे जाता येत नव्हतं.

२०२३ च्या कायद्याने तपासणी पुन्हा दोन वर्षांवर आणली आणि आयोगाला बरेचसे अधिकार परत दिले. म्हणजे देणगी दिली की हवं ते दरवेळी मिळतंच असंही नाही. तरी आयोगावरची दुसरी पकड विसरू नका. त्याचे तीनही न्यायाधीश विधिमंडळच निवडतं. आमदारांचं एकमत होईना म्हणून २०२३ भर तीनपैकी एकच कायम न्यायाधीश होते आणि निवृत्तांना बोलावून काम चाललं होतं. उरलेल्या दोन जागा जानेवारी २०२४ मध्ये भरल्या.

शंकासुर

दरपत्रक, मजकूर पटला, पण यात देणगीचा पुरावा कुठे आहे? कंपनी जिंकणाऱ्यालाच पैसे देते, समितीच्या अध्यक्षाला जास्त देते. मग पैशामुळे मत की मतामुळे पैसा? शिवाय शार्लट्सव्हिलचे गुंतवणूकदार मायकेल बिल्स यांच्या पैशावर २०१८ मध्ये 'क्लीन व्हर्जिनिया' उभी राहिली. डॉमिनियन आणि ॲपलाचियन पॉवर (राज्यातली दुसरी मोठी वीज कंपनी) यांचे पैसे नाकारणाऱ्या उमेदवारांना ती देणगी देते, आणि थोडीथोडकी नाही. तोही पैसाच ना?

दरपत्रक

तोही पैसाच, आणि मर्यादा नसलेल्या राज्यात याहून वेगळं होणार नव्हतं. फरक इतकाच की बिल्स यांना दर आयोगाने बांधून दिलेला नाही. हमखास ग्राहक आणि हमखास परतावा असलेली मक्तेदार कंपनी आणि इतर देणगीदार यांना एका तागडीत घालू नये, असं माझं मत आहे.

पैसा आधी की मत आधी, हे बाहेरून सिद्ध होत नाही हे मान्य. पण एक बघता येतं: कोणतं विधेयक मतापर्यंत पोचलंच नाही. वीज कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घालणारी विधेयकं दोन्ही पक्षांच्या आमदारांनी वेळोवेळी आणली. २०२५ पर्यंत एकही कायदा झालं नाही, बरीचशी समितीतच संपली. विधिमंडळाच्या माहिती प्रणालीवर विधेयकाचा क्रमांक टाकला की उपसमितीतल्या मतांची नोंद दिसते. ती यादी जेम्सकाठ यांनी सांगितलेल्या देणग्यांच्या यादीशेजारी ठेवा. सभागृहातल्या अंतिम मतदानापेक्षा त्यातून जास्त कळतं.

हिशेबनीस

चौथा प्रश्न. कागदोपत्री उत्तर: नाही.

फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनची हिशेबपद्धत सगळ्या मोठ्या वीज कंपन्यांना लागू आहे. राजकीय खर्च खाते क्रमांक ४२६.४ मध्ये टाकायचा असतो. हे खातं 'रेषेखालचं', म्हणजे दर ठरवताना ते धरत नाहीत, भार भागधारकांवर. कंपनीच्या वार्षिक फॉर्म १ मध्ये उत्पन्नपत्रकाच्या पानांवर, पान ११७ वर, हा आकडा बघायला मिळतो. पण तो एकत्रित असतो, कुणाला किती हे कळत नाही.

गळती इतरत्र आहे. व्यापारी संघटनेची वर्गणी खाते ९३०.२ मध्ये पडते आणि ते रेषेच्या वरचं, म्हणजे दरात येणारं. एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूटसारख्या संघटनेच्या वर्गणीतला लॉबिंगचा भाग वेगळा काढावा लागतो, पण तो किती हे संघटनाच सांगते. कंपनीच्या सरकारी संपर्क विभागातल्या माणसाचा किती वेळ लॉबिंगचा आणि किती 'माहिती देण्याचा', हेही कंपनीच लिहिते. कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेन या तीन राज्यांनी २०२३ मध्ये कायदा करून असला खर्च दरात घ्यायला मनाई केली.

आणि भागधारकांचा नफा येतो कुठून? बंदिस्त ग्राहकाच्या बिलातूनच. म्हणूनच १९३५ च्या होल्डिंग कंपनी कायद्यात, सॅम्युएल इन्सल या उद्योगपतीचं वीजसाम्राज्य कोसळल्यानंतर, नोंदणीकृत होल्डिंग कंपन्यांना राजकीय देणग्यांची सरळ बंदी होती, राज्यांच्या निवडणुकांतसुद्धा. २००५ च्या ऊर्जा कायद्याने तो कायदाच रद्द केला. जॉर्जियात आयोगाच्या नियंत्रणाखालच्या वीज कंपनीला प्रचारासाठी देणगी देता येत नाही, तेव्हा राज्यपातळीवर अशी बंदी अशक्य नाही.

जाता जाता: आपल्याकडे महावितरण सरकारी कंपनी असल्याने कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे तिला पक्षाला देणगी देताच येत नाही. तिथलं दुखणं वेगळं, तो धागाही वेगळा.

ईरीकाठ

व्हर्जिनियातली देणगी उघड असते हे निदान बरं. ओहायोत देणगीला मर्यादा आहे, म्हणून पैसा दुसऱ्या वाटेने गेला. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीने साधारण ६ कोटी डॉलर 'जनरेशन नाऊ' या ना-नफा संस्थेत ओतले. अशा संस्थेला देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. ती चालवत होते आमदार लॅरी हाऊसहोल्डर. त्या पैशावर त्यांनी आपली माणसं निवडून आणली, स्पीकर झाले आणि जुलै २०१९ मध्ये हाऊस बिल ६ मंजूर झालं: दोन अणुकेंद्रांना वर्षाला १५ कोटी डॉलर, घरगुती बिलात महिना ८५ सेंट. शिवाय कोळशाच्या दोन जुन्या केंद्रांचा भार, त्यातलं एक तर इंडियानात.

जुलै २०२० मध्ये हाऊसहोल्डर यांना अटक झाली. २०२१ मध्ये कंपनीने २३ कोटी डॉलर दंड मान्य केला. २०२३ मध्ये हाऊसहोल्डर यांना २० वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांचं अनुदान २०२१ मध्येच रद्द झालं, पण कोळसा केंद्रांची वसुली काढून टाकणारा कायदा व्हायला २०२५ उजाडलं. खटला संपला म्हणून बिल उतरत नाही.

इलिनॉयमध्ये तर देणगी हा मुद्दाच नव्हता. कॉमएड या वीज कंपनीने स्पीकर मॅडिगन यांच्या माणसांना कामाशिवाय कंत्राटं आणि पगार दिले. देणग्यांच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं, तेव्हा लॉबिंग कंत्राटं आणि उपकंत्राटदारांची नावंही चाळा.

लाउडनकर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: ग्रीन कार्ड नसलेल्यांना यात काय करता येतं?

जेम्सकाठ

देणगी नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला केंद्र, राज्य, काउंटी, कुठल्याच निवडणुकीत देणगी द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, दहा डॉलरसुद्धा नाही. मंडळातल्या कुणी उमेदवारासाठी वर्गणी गोळा करत असेल तर एच-१बी वाल्यांनी हात आखडता घ्यावा.

आयोगापुढे बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक शोधा. तो 'पीयूआर', मग वर्ष, मग पाच आकडे असा असतो. लेखी मत मुदतीच्या आत ऑनलाइन देता येतं. तोंडी बोलायचं तर आधी नाव नोंदवा, फोनवरून पाच मिनिटं मिळतात. "दर फार आहेत" एवढं बोलून उपयोग होत नाही. कुठला रायडर, कंपनीने मागितलेला इक्विटीवरचा परतावा (भागधारकांच्या भांडवलावरचा नफा) किती टक्के, तो किती असावा आणि का, असं बोला. ॲटर्नी जनरलचा ग्राहक विभाग प्रत्येक मोठ्या दरप्रकरणात असतो. त्यांचं म्हणणं आधी वाचा, अर्धं काम तिथेच होतं.

डेटा सेंटरवाल्यांसाठी वेगळा दरवर्ग असावा का, हे अशाच दरप्रकरणात ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाने २५ मेगावॉट आणि वरच्या ग्राहकांसाठी तो मंजूर केला.

आणि हो, बिलावर कंपनीचं नाव आधी बघा. लाउडन काउंटीच्या काही भागात डॉमिनियन नाही, नोव्हेक आहे. ती सहकारी संस्था असल्याने संचालक मंडळ ग्राहक सभासदच निवडतात आणि तिथे मत द्यायला सभासदत्व पुरतं.