विषय: बाबांची फियाट ठक ठक करतेय, कुणी सांगेल का

प्रेषक: धाकटा (सध्या मुक्काम कोथरूड)

मंडळी नमस्कार,

हे गणपतीच्या कार्यक्रमाच्या मेलमध्येच घुसवणार होतो पण वहिनी ओरडतील म्हणून वेगळा विषय काढला. मी तीन महिने पुण्यात आईबाबांकडे आहे. बाबांची 1996 ची पद्मिनी, आमच्या घरात तिला फियाटच म्हणतात, अजून आहे आणि चालू आहे, रविवारी मंडईला जाते आणि परत येते. तर ती आता आवाज करतेय. ठक ठक ठक. बाबा म्हणतात ती तीस वर्षं माझ्याशी बोलतेय, तुला आज ऐकू आलं.

एका मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितलं की बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल, तीस हजार. दुसरा म्हणाला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारा भाग), पाचशे रुपयांत करून देतो. तिसऱ्याने ऑइलमध्ये टाकायची एक बाटली विकली, ती मी टाकलेली नाही, गॅलरीत आहे. पुढच्या आठवड्यात बाबांना वाईला न्यायचंय आणि ते म्हणतात फियाटनेच जायचं. खंबाटकी चढेल का ही? रेकॉर्डिंग जोडलंय. टोरांटोच्या काकांनी कृपया ऐकावं.

प्रेषक: टोरांटोचे काका

अरे बाबा, रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्यात मला तुमच्या वॉचमनचा रेडिओ सगळ्यात छान ऐकू आला. फोनला खालच्या पट्टीतला आवाज पकडता येत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवाय. त्यामुळे आवाज कसा आहे ते सोड, कधी येतो ते सांग. मी पिंपरीला इंजिन टेस्टिंगवर होतो तेव्हा आमचे जुने लोक नवीन पोराला पहिल्यांदा हेच विचारायचे, आणि पोरगं "खूप येतो" असं म्हणालं की चहा आणायला पाठवायचे.

तर ऐक. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर येतो आणि पाच-दहा मिनिटांत जातो, तर बहुतेक पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय, जुन्या गाडीला ते माफ. शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक, वरून, बॉनेटच्या बाजूने, तर टॅपेट. आयडलला इंजिन मिनिटाला 800 फेरे मारत असेल तर एक टॅपेट 400 वेळाच वाजणार कारण कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेट ढकलणारा दांडा, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनपेक्षा आळशी वाटतो, दोनदा ऐकलं की कानाला कळतं. चढावर टॉप गिअरमध्ये रेस दाबली की पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखं वाजतं, ते खरं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी किंवा वेडंवाकडं पेटतंय, तिथे डिलको (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) थोडा फिरवून टायमिंग मागे घेतात नाहीतर हेडमधला कार्बन काढतात. त्यासाठी इंजिन उतरवत नाहीत.

आणि शेजारी कुणी उखळात कांडतंय असा जड आवाज, गरम झाल्यावर, रेस सोडताना जास्त, तर तो बिग एंड, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जिथे जोडतो तिथलं बेअरिंग. त्याची मला भीती आहे.

आता घरी करायचं काम. लांब स्क्रू ड्रायव्हर घे, मूठ कानाच्या हाडाला टेकव, टोक इंजिनवर जागोजागी लाव, आधी वरच्या कव्हरला मग खाली चेंबरला, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या डब्याला. फॅनच्या पट्ट्यापासून लांब राहा, शर्टाची बाही दुमड, गळ्यातलं काही असेल तर काढ. क्लच दाबून बघ, आवाज बदलला तर इंजिनला दोष देऊ नकोस. मग रबरी मूठ असलेल्या पक्कडने एकेका प्लगची वायर काढ आणि काढलेली वायर हवेत लोंबू न देता बॉडीला टेकव. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठक ठक मरते, रोग त्या सिलिंडरमध्ये. टॅपेटला याचा काही फरक पडत नाही. (हे फक्त अशा जुन्या गाडीवर. नव्या गाडीवर वायरी उपटू नका, कॉइल जाईल आणि मला शिव्या द्याल.)

ऑइल किती आहे आणि ऑइलचा लाल दिवा कधी लागतो तेही लिही. तोवर वाई नाही.

प्रेषक: ब्रॅम्प्टनच्या वहिनी

वेगळा विषय काढल्याबद्दल धन्यवाद. मला वाटतं हे सगळं त्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे. माझ्या भावाची जुनी गाडी सहकारनगरला आहे, तीही हल्ली नीट चालत नाही. शिवाय आमचे अण्णा म्हणायचे की शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हापासून फियाटचे टॅपेट वाजायला लागले. महागातलं पेट्रोल भरून बघा.

प्रेषक: धाकटा

काका, सगळं केलं. बाबा स्वतः रेस द्यायला बसले, आई गॅलरीतून बघत होती आणि सोसायटीतले दोन आजोबा आपोआप जमले, त्यातल्या एकाने स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला तो अर्धा तास परत दिला नाही.

थंड असताना जवळजवळ काही नाही. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो, वीसेक मिनिटांनी ठक ठक सुरू, चढावर नाही तर रेस सोडताना. क्लचने फरक नाही. स्क्रू ड्रायव्हरने वर टिकटिक, खाली जड. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली की आवाज जवळजवळ जातो.

दिव्याचं असं की तो मला दिसलाच नव्हता, कारण डॅशबोर्डवर त्याच्या बरोब्बर पुढे बाबांनी गणपती चिकटवलाय. गणपती उचलला तर गरम झाल्यावर सिग्नलला दिवा लुकलुकतोय. बाबांना माहीत होतं. "आयडलला लुकलुकतोच."

ऑइल भरपूर आहे. वरच्या खुणेच्याही वर. बाबा खूश, म्हणतात चार महिन्यांत एक थेंब घातला नाही, हिला ऑइल लागतच नाही, उलट वाढतं.

प्रेषक: टोरांटोचे काका

गाडी चालू करू नकोस.

ऑइल वाढत नसतं रे! दुसरं काहीतरी त्यात येतंय. डिपस्टिक काढून वास घे. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी, हेड गॅस्केट बघावं लागेल. पातळ असेल आणि वास पेट्रोलचा असेल तर पंप. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसतो, कॅमच्या धक्क्याने चालतो, आत एक रबरी पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. आसपास कुणी सिगरेट ओढत असेल तर त्या आजोबांना लांब बसव.

बेअरिंग आणि क्रँकमध्ये जी फट असते ती वहीच्या कागदापेक्षा कमी, त्या फटीत दाबाने ऑइल भरलेलं असतं आणि त्याच्यावर क्रँक तरंगतो. ऑइलमध्ये पेट्रोल गेलं, पातळ झालं, गरम झाल्यावर आणखी पातळ, दाब पडला, दिवा लुकलुकला, धातूला धातू लागला. ठक. थंड असताना ऑइल जाड असतं म्हणून गप्प. तुझी सगळी लक्षणं एका माळेत बसतात.

वहिनी, तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. आता पंपावर जे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं त्याचं ऑक्टेन किमान 95, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं 91 होतं, त्यामुळे चिंचोके वाजले तर त्याने कमी वाजतील, आणि इथे तर महागातल्या पेट्रोलचा काही उपयोग नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, पडदा त्यानेच फाटला असेल की तीस वर्षांनी आपोआप, हे मी सांगू शकत नाही. शिशाचं मात्र उलटं आहे. 2000 साली देशभर शिसं बंद झालं, त्याने जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) झिजतात हे खरं, पण सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते, म्हणजे आवाजही कमी होतो. फटच उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. टिकटिक करणाऱ्या टॅपेटपेक्षा एकाएकी गप्प झालेल्याची मी जास्त काळजी करतो. अण्णांना नमस्कार.

प्रेषक: धाकटा

वास पेट्रोलचाच. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं ओघळलं. नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, पंपाचं किट मिळालं, दुकानदार म्हणाला मुंबईच्या टॅक्सीतून 2023 मध्ये पद्मिनी गेली तेव्हापासून हा माल कुणी मागवत नाही, हे शेवटचे दोन. मी दोन्ही घेतले. जुना पडदा काढला तर कडेने चिरलेला, बोट लावलं तर तुकडा पडला. टॅपेटवाल्या मेकॅनिककडूनच बसवून घेतलं, सगळं ऑइल काढून नवीन 20-40 भरलं, टॅपेटही त्यानेच सेट केले. तीस हजारवाल्याकडे परत गेलो नाही, पण तो अगदीच चुकला होता असंही नाही, कारण दिवा आता लागत नाही, टिकटिक गेली, आणि ठक ठक बरीच कमी झाली पण गेली नाही. गरम झाल्यावर, रेस सोडताना, हळू. तिसरंच.

प्रेषक: टोरांटोचे काका

मग शेल, म्हणजे बिग एंडच्या बेअरिंगची पातळ वाटी, खाल्लंय. किती महिने त्या पातळ ऑइलवर फिरली देव जाणे. चेंबर खालून उतरव, तिसऱ्याची कॅप खोल. शेलवरचा राखाडी थर जाऊन तांबं दिसत असेल तर चारही शेल बदल. क्रँकवरून नख फिरव, नख कुठे अडकलं नाही तर शेलवर भागेल. अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगला, आणि मग इंजिन उतरवायचंच, त्या माणसाला तीस हजार दे. आधी नख फिरव.

प्रेषक: धाकटा

चेंबर सोमवारी उतरवणार. वाईला एसटीने जाऊन आलो, स्वारगेटहून. बाबा सुरूर फाट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, खंबाटकीत फक्त ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, हा दुसऱ्यावर घ्यायला पाहिजे होता. ढोल्या गणपतीसमोर मात्र बराच वेळ उभे होते. घरी आल्यावर डॅशबोर्डवरचा गणपती स्वतःच काढून उजवीकडे काचेजवळ लावला. आता तिथून पेट्रोलचा काटा दिसत नाही.