विषय: दिवाळी फराळाच्या मागण्या, भरणा आणि ठाण्याची यादी आपोआप जोडण्याबाबत

प्रेषक: कार्यवाह, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या ज्या सभासदांचे आईवडील ठाणे आणि नवी मुंबईत राहतात, त्यांच्या घरी दिवाळीपूर्वी फराळाचा डबा पोहोचवण्याचा उपक्रम यंदाही करायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. आजवर मागणीचा फॉर्म वेगळा, पैसे भरण्याचे पान वेगळे आणि ठाण्याच्या नौपाड्यात फराळ करणाऱ्या भगिनींकडे जाणारी यादी तिसरीच, अशी स्थिती होती. या तिन्हींचा मेळ हाताने घालण्यात कार्यकर्त्यांच्या रात्री जात. झॅपियर, मेक किंवा एन८एन यांपैकी एखादे साधन घेऊन हे सारे एकमेकांना जोडावे, पडद्यावर चौकोन मांडून रेषांनी जोडले की काम होते आणि प्रोग्रामिंग लागत नाही, असे समितीतील तरुण सभासदांचे म्हणणे आहे. ठाण्यात परतल्यापासून आपण हेच काम व्यवसाय म्हणून करता, म्हणून कोणते साधन घ्यावे याविषयीचे आपले मत सर्वांना कळावे अशा रीतीने येथेच लिहावे, ही विनंती.

---

प्रेषक: सभासद, ठाणे

माननीय कार्यवाह यांस सप्रेम नमस्कार.

तिन्ही साधने हे काम करतील. एका ठिकाणी काही घडले की दुसऱ्या ठिकाणी काय व्हावे हे चित्राने मांडण्याची कल्पना नवी नाही. २००७ मध्ये आलेले याहू पाइप्स याच धर्तीचे होते आणि २०१५ मध्ये ते बंद झाले तेव्हा त्यावर उभारलेल्या लोकांच्या सगळ्या जोडण्याही त्याच्याबरोबर गेल्या. म्हणून साधन कोणतेही घेतले तरी मागण्यांची मूळ नोंद त्या साधनात न ठेवता मंडळाच्या स्वतःच्या गुगल शीटमध्ये ठेवावी आणि साधनाकडे केवळ निरोप्याचे काम द्यावे.

खर्चाची तुलना करताना प्रत्येक कंपनी काय मोजते हे आधी पाहावे लागते. समजा २०० मागण्या आल्या आणि प्रत्येकीमागे शीटमध्ये नोंद, सभासदाला पावती व ठाण्याला निरोप अशा तीन क्रिया झाल्या, तर झॅपियर ६०० क्रिया मोजेल, तर एन८एनची क्लाउड सेवा अशा जोडलेल्या क्रियांच्या संपूर्ण साखळीची एक फेरी एकदाच मोजत असल्यामुळे तेथे २००च होतील. मेकमध्ये दर १५ मिनिटांनी 'काही नवीन आले का' असे विचारायला लावले, तर एकही मागणी नसताना दिवसाला ९६ वेळा मोजणी चालू राहते. ती टाळायची असेल तर वेबहुक वापरावा, म्हणजे मागणी आली की फॉर्मच स्वतःहून कळवतो आणि साधनाला वारंवार विचारावे लागत नाही.

मी स्वतः रोज एन८एनवर काम करतो, तरीही मंडळाने ते आपल्या सर्व्हरवर बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर कोणीतरी सांभाळावा लागतो. साठवलेल्या सर्व परवानग्या ज्या किल्लीने कुलूपबंद होतात ती हरवली तर सगळ्या खात्यांच्या परवानग्या नव्याने घ्याव्या लागतात. आणि गुगलशी जोडण्यासाठी स्वतःचे अॅप नोंदवून ते 'चाचणी' अवस्थेतच राहू दिले, तर परवानगी सात दिवसांत संपते. वर्षातून एकदाच चालणाऱ्या उपक्रमासाठी एक-दोन महिन्यांपुरती झॅपियरची सशुल्क योजना घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्याच्या विनामूल्य योजनेत साखळी दोनच पायऱ्यांची करता येते, त्यामुळे ती आपल्याला पुरणार नाही.

आता पत्त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परदेशात बसून साखळी जोडणाऱ्याच्या हे सहज लक्षात येणार नाही. ठाण्याचे डबे एक जण पोहोचवणार आणि नवी मुंबईचे दुसरा, म्हणून पिनकोड ४००६ने सुरू झाला तर ठाणे आणि ४००७ने सुरू झाला तर नवी मुंबई असा नियम घालण्याचा मोह होईल. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६ आणि ऐरोली ४००७०८ येथवर तो नियम चालतो. मात्र सीबीडी बेलापूरचा पिनकोड ४००६१४ असल्यामुळे तेथील डबा ठाण्याच्या यादीत जाईल, आणि खारघरचा ४१०२१० असल्यामुळे तेथील डबा कोणत्याच यादीत येणार नाही. शहराच्या रकान्यावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण ऐरोली ठाणे जिल्ह्यात असल्यामुळे तेथील कित्येक जण पत्त्यात 'ठाणे' लिहितात. सेक्टर १७ वाशीतही आहे आणि खारघरमध्येही, तेव्हा नुसत्या सेक्टरवरून तर काहीच कळत नाही. सबब शीटमध्ये पिनकोड आणि पोहोचवणारा यांचा लहानसा तक्ता करावा, साखळीने त्यात शोध घ्यावा, आणि तक्त्यात नसलेला पिनकोड आला तर ती मागणी गुपचूप सोडून न देता 'माणसाने पाहावे' अशा खुणेसह वेगळी काढावी.

वेळेचेही भान ठेवावे लागेल. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि अमेरिकेतील घड्याळे त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १ नोव्हेंबरला, एक तास मागे जातील. ठाण्याची सकाळी ९ची यादी न्यू जर्सीच्या रात्री ११:३०च्या हिशेबाने लावली, तर ऐन घाईच्या आठवड्यात ती येथे १० वाजता पोहोचेल आणि तोवर डबे घेऊन जाणारा घराबाहेर पडलेला असेल. म्हणून साधनातील वेळक्षेत्र पहिल्याच दिवशी भारताचे करून ठेवावे.

साधनाच्या निवडीपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते जोडणी कोणाच्या खात्यावर आहे हे. आपली कार्यकारिणी बदलत असते. एखाद्या उत्साही सभासदाने स्वतःच्या जीमेलवरून परवानगी दिली, तर त्याची कार्यकारिणीतील मुदत संपल्यावर मंडळाची साखळी त्याच्या खासगी खात्यावर लोंबकळत राहते. शिवाय जीमेलची परवानगी दिलेल्या गुगल खात्याचा पासवर्ड बदलला की ती परवानगी रद्द होते, म्हणजे सुरक्षिततेसाठी नव्या कार्यवाहांनी केलेली योग्य गोष्टच साखळी तोडेल. त्यासाठी पदाच्या नावाचे एक खाते उघडावे, सगळ्या परवानग्या त्याच खात्यावरून द्याव्यात आणि पदभार सोपवताना पासवर्ड बदलला की जोडण्या पुन्हा जुळवून घेण्याचे काम कागदावर लिहून द्यावे. पात्र ना-नफा संस्थांना गुगल वर्कस्पेस विनामूल्य मिळते. मंडळ त्या निकषांत बसत असेल तर हे खाते तेथेच असावे.

---

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार.

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मला दोन शंका आहेत. पैसे भरण्यासाठी आपण स्ट्राइप वापरतो आणि एकाच भरण्याची सूचना दोनदा येऊ शकते असे मी वाचले आहे. तसे झाले तर नौपाड्यात एकाच घरासाठी दोन डबे भरले जातील काय? दुसरे असे की, एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आपण तिसऱ्याच कंपनीच्या हाती देत आहोत, आणि हे मला मुळीच रुचलेले नाही.

---

प्रेषक: सभासद, ठाणे

खजिनदारताईंच्या दोन्ही शंका रास्त आहेत.

सूचना दोनदा येऊ शकते हे स्ट्राइपनेच आपल्या दस्तऐवजात सांगितले आहे, आणि पलीकडून पोच मिळाली नाही तर ते तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा कळवत राहतात. हा दोष नव्हे. सूचना हरवण्यापेक्षा ती दोनदा आलेली बरी, असा त्यामागचा विचार आहे. आपण फॉर्म भरतानाच प्रत्येक मागणीला एक क्रमांक द्यावा, तो भरण्याबरोबर पुढे जावा, आणि शीटमध्ये तो क्रमांक आधीच असेल तर साखळीने नवी ओळ लिहू नये. तरीही दोन सूचना एकाच क्षणी आल्या तर दोन्ही फेऱ्यांना शीट रिकामीच दिसेल आणि दोन ओळी पडतील. त्यामुळे फराळ करणाऱ्या भगिनींना मूळ पान दाखवूच नये. त्यांच्यासाठी दुसरे पान ठेवावे आणि त्यात 'युनिक' या सूत्राने प्रत्येक क्रमांक एकदाच उतरेल असे करावे. मूळ पानावर चार ओळी पडल्या तरी डबा एकच भरला जाईल.

पत्त्यांबाबत मी आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे. अशा साधनांत प्रत्येक फेरीचा इतिहास साठतो आणि त्या फेरीतून गेलेली माहितीही त्यात राहते. म्हणून साखळीतून मागणीचा क्रमांक, पिनकोड आणि डब्याचा प्रकार एवढेच जाऊ द्यावे. नाव, इमारत आणि दूरध्वनी फॉर्मने थेट शीटमध्ये लिहावेत. डबा पोहोचवणाऱ्याने क्रमांकावरून ते तेथे पाहावेत आणि दिवाळी झाल्यावर त्याची शीट पाहण्याची परवानगी काढून घ्यावी.

एक गोष्ट मात्र साखळीवर सोपवू नये असे मला वाटते. डबा पोहोचल्याचे पत्र सभासदाला आपोआप जाईल, पण ते शीटमध्ये पोहोचवणाऱ्याने स्वतः खूण केल्यावरच जावे. यादी निघाली म्हणजे डबा पोहोचला असे धरून पत्र गेले, आणि घोडबंदर रोडवरच्या वाहतुकीत डबा अजून गाडीतच असला, तर सभासद आईला फोन करून विचारेल आणि तिला काहीच ठाऊक नसेल.

---

प्रेषक: कार्यवाह, न्यू जर्सी

नमस्कार. पदाच्या नावाचे खाते उघडण्याची विनंती आजच कार्यकारिणीकडे पाठवत आहे आणि ते मिळेपर्यंत कोणीही स्वतःच्या खात्यावरून जोडणी करू नये. पिनकोडचा तक्ता ठाण्यातूनच तयार होऊन यावा. पहिल्या चाचणीत बेलापूर आणि खारघरचा प्रत्येकी एक पत्ता, तसेच मुद्दाम दोनदा पाठवलेली एक भरण्याची सूचना घालण्यात येईल, आणि तिचा निकाल खजिनदारांनी पाहून संमती दिल्यावरच फॉर्म सभासदांसाठी खुला होईल.