मत कोणाला ते नको, कसं ठरवताय ते सांगा : ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

नौपाडा (धागा सुरू करणारी)

विधानसभेची निवडणूक, २०२४. ४ नोव्हेंबरला अर्ज मागे घ्यायची मुदत संपली. कोण कोणासमोर उभं आहे हे आता पक्कं झालंय. २० तारखेला, बुधवारी मतदान. ठाणे शहरातले चार मतदारसंघ आणि नवी मुंबईतले ऐरोली, बेलापूर इथल्या सगळ्यांना लिहायचं आग्रहाचं आमंत्रण.

अट एकच. मत कोणाला देणार ते लिहायचं नाही. ते वाचायला बाकीचा सोशल मीडिया पडलाय. तुम्ही नेता, उमेदवार, आश्वासन यातलं काय तोलताय, कशावर अडताय, घरात कशावरून वाजतंय, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आमच्याकडे सासूबाई उमेदवार बघतात. कोण तलावपाळीवर भेटल्यावर थांबून बोलतो आणि कोण गाडीच्या काचेतून हात हलवतो, याची त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची नोंद आहे. नवरा म्हणतो, "आई, आपण आमदार नाही, सरकार निवडतोय." त्यावर त्यांचं उत्तर, "मग मुख्यमंत्री कोण ते सांग." इथे तो गप्प बसतो, कारण दोन्ही आघाड्या ते निकालानंतर ठरवू म्हणताहेत. मी या दोघांच्या मध्ये आहे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. तेव्हापासून पक्षाचा जाहीरनामा वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की पाच वर्षं हा पक्ष याच आकारात राहणार आहे का? बाकी आश्वासनं त्यानंतर.

कासारवडवली

माझ्या बाल्कनीतून मेट्रो ४ चे खांब दिसतात. काम २०१८ पासून चालू आहे, त्यामुळे "मेट्रो आणू" हे वाक्य मी आता आश्वासनांत धरतच नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला घरून कधी निघायचं हे घड्याळ सांगत नाही, गायमुखला कंटेनर बंद पडलाय का ते सांगतं.

मी काय केलं, की आलेली सगळी पत्रकं जमवली आणि एक तक्ता केला. एका रकान्यात आमदार स्वतः काय करू शकतो, दुसऱ्यात राज्य सरकार, तिसऱ्यात पालिका किंवा केंद्र. तिसरा रकाना भरून वाहायला लागला. गटार, पथदिवे, कचरा, भटकी कुत्री, उद्यानातली खेळणी. यातलं विधानसभेत काय ठरतं?

पण दोष नुसता उमेदवारांचा नाही. ठाणे पालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, नवी मुंबईची तर मे २०२० ला. तेव्हापासून दोन्हीकडे प्रशासक. नगरसेवकच नाही म्हटल्यावर तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन माणूस जाणार कुठे? आमदाराच्या कार्यालयात. तोही बिचारा (की हुशार?) पत्रकावर गटार छापतो.

आमच्या क्लबहाऊसमध्ये एक उमेदवार आले होते. चहा-समोसे झाले. सोसायटीने मागण्यांचं पत्र आधीच टाइप करून ठेवलेलं, तेही लेटरहेडवर. सीसीटीव्ही, गेटसमोर गतिरोधक, ज्येष्ठांसाठी बाकडी. मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "टँकरवर आमचे दरमहा एवढे पैसे जातात. नव्या इमारतींना पाणी नसताना परवानगी मिळते, त्याबद्दल विधानसभेत काय मांडणार?" यावर कमिटीतल्याच एकाने "काका, वेळ कमी आहे" म्हणून माइक काढून घेतला. उमेदवाराने नाही हं, आमच्याच माणसाने. बाकडी मिळणार होती ना.

मी त्या काकांच्या प्रश्नावर मत ठरवणार आहे. ज्यांचं ज्यांचं पत्रक आलं त्या सगळ्यांना तोच प्रश्न मेसेज केला. एकाच कार्यालयातून फोन आला, तोही पत्ता विचारायला.

ऐरोली

छोटंसं लिहितो. १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली. रोज गाडीने मुलुंडला जाणाऱ्या मला ४५ रुपये वाचल्याचा आनंद आहे आणि इतकी वर्षं ते का घेतले याचा रागही आहे. या दोन्हींची वजाबाकी काही येत नाही.

किसननगर, वागळे इस्टेट

आईच्या वतीने लिहिते. ती घरकाम करते, टाइप मी करते.

लाडकी बहीणचा अर्ज आम्ही जुलैतच भरला. आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, त्यासाठी दोन कामांवर खाडे झाले. रक्षाबंधनाच्या आधी जुलै-ऑगस्टचे तीन हजार एकदम आले, दिवाळीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. आईच्या खात्यावर आमच्यापैकी कोणी न टाकलेले पैसे पहिल्यांदाच आले. ती जिथे काम करते तिथल्या एका वहिनी म्हणाल्या, "हे आमच्या टॅक्समधून देतात, मतं विकत घ्यायला." आई तिथे काही बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "मीठ-तेल-साबणावर मीपण टॅक्स भरते की. त्यांना त्यांच्या रस्त्यातून मिळतं, मला खात्यातून मिळालं."

आता एकीकडे महायुतीचं एकवीसशेचं वचन आहे, दुसरीकडे महाविकास आघाडीच्या महालक्ष्मी योजनेचे तीन हजार आणि एसटीचा मोफत प्रवास. आईचं गणित असं, की पंधराशे डोळ्यांनी बघितले, बाकीचे कानांनी ऐकले. पण हेही तिचंच वाक्य आहे, "पैसे घेतले म्हणून मी बांधलेली नाही." कारण तिचा खरा प्रश्न घराचा आहे. आमची इमारत धोकादायक यादीत आहे. पावसाळ्यात रात्री प्लास्टर पडलं की सगळा मजला जिन्यात येऊन बसतो. क्लस्टरचं, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्र पुनर्विकासाचं, भूमिपूजन २०२३ मध्ये झालं, पण आमचा नंबर कधी, तोवर राहायचं कुठे, भाडं मिळणार का, हे तिला कोणीतरी समोर बसून सांगायला हवंय.

आणि नेत्यांचं म्हणाल, तर आमच्याकडे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः उभे आहेत आणि समोर ठाण्याचे जुने शिवसेना नेते आनंद दिघेसाहेब यांचे पुतणे. दोन्हीकडच्या बॅनरवर दिघेसाहेबांचाच फोटो. त्यांना जाऊन २००१ पासून इतकी वर्षं झाली, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आई बॅनरखालून जाताना चप्पल काढल्यासारखी थबकते, मग पुढे जाते. तिला विचारलं, साहेब असते तर कोणाकडे असते? म्हणाली, "ते असते तर हा प्रश्नच नसता. गप चल."

कळवा

आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशीच्या. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मतदान करता येतं, त्यासाठी १२-डी फॉर्म भरून दिला होता. पथक घरी आलं. कागदी मतपत्रिका, पुठ्ठ्याचा आडोसा, शूटिंग करणारा मुलगा, सगळा सरंजाम. आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं.

आदल्या रात्री मात्र तिने माझा पिच्छा पुरवला. आयुष्यभर ती चिन्हं बघत आली. बैलजोडी, गायवासरू, हात, धनुष्यबाण, घड्याळ, सगळी तिने बघितली. आमच्या मुंब्रा-कळव्यात २००९ पासून तीनदा जो माणूस (जितेंद्र आव्हाड) घड्याळावर निवडून आला तो यावेळी तुतारी वाजवणाऱ्या माणसावर उभा आहे, आणि घड्याळावर दुसरेच उमेदवार. मी समजावत होतो, पक्ष फुटला, निवडणूक आयोगाने घड्याळ अजित पवारांकडे दिलं, कोर्टात चालू आहे वगैरे. ती म्हणाली, "घरातली भांडी वाटून घेतली तरी नावं कोरलेली असतात रे. यांच्यात कोणाचं नाव कशावर आहे?"

शेवटी कोणाला दिलं ते सांगत नाही. मीच धाग्याची अट वाचून दाखवली, तेव्हापासून तर मुळीच नाही.

कोपरखैरणे

आमचे अण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, आता निवृत्त. माझं नाव इथे ऐरोली मतदारसंघात, अण्णांचं नाव गावाला, पाटण तालुक्यात. ते त्यांनी कधी हलवू दिलं नाही. "इथं मी राहतो, तिथं मी आहे," हे त्यांचं ठरलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गावाकडचे उमेदवार प्रचाराला इथे येतात. पाटण, जावळी, जुन्नर, तिकडच्या "मुंबईकर" मतदारांचे मेळावे कोपरखैरणे-घणसोलीत होतात. गाड्या लागतात. गाडी कोणाची ते विचारायचं नसतं, खिडकीची जागा मिळाली का एवढंच बघायचं. लोकसभेला साताऱ्याचं मतदान ७ मे आणि आपलं २० मे असं होतं, म्हणून गावी नाव असलेली माणसं निवांत जाऊन आली. यावेळी अख्ख्या महाराष्ट्रात एकाच दिवशी. आमच्या चाळवजा ओळीत निम्मी घरं त्या दिवशी अर्धी रिकामी असणार. नवरा गावाला, बायको इथे.

अण्णांची तोलायची पद्धत मला आधी मागास वाटायची. गावात मत म्हणजे भावकी, पाणंद, विकास सोसायटीचं पीककर्ज. दोन्हीकडून कर्जमाफीचं बोललं जातंय, महाविकास आघाडी तर तीन लाखांपर्यंत म्हणतेय. अण्णा म्हणतात, "माफी होईल न होईल. सोसायटीच्या सचिवाला फोन कोणाचा जातो ते बघ." आणि साहेब (शरद पवार) की दादा (अजित पवार) या प्रश्नावर आमच्या घरात जेवताना न बोलायचा नियम आहे. अण्णा साहेबांची सभा ऐकून मोठे झाले, धाकटे चुलते दादांचे. दिवाळीला दोघं एका ताटात जेवले, विषय पाऊस.

मी स्वतः इथला विचार करतो, तर मला माथाडी कायद्याचं पडलंय. १९६९ चा कायदा, त्यावर आमचं शिक्षण झालं. मार्केटमध्ये माथाडी बोर्डात नाव नसलेली माणसं कमी पैशांत हमाली करताना रोज दिसतात. यावर एकाही पत्रकात ओळ नाही. "माथाडींचे कैवारी" असं मात्र तिघांनी छापलंय.

घणसोली गाव

आम्ही प्रकल्पग्रस्त. नवी मुंबई १९७० पासून ज्या ९५ गावांच्या जमिनींवर उभी राहिली त्यातलं आमचं एक. तुम्ही शहरातले लोक आश्वासनं पाच वर्षांच्या हिशोबात मोजता, आमच्याकडे एकेक आश्वासन तीन पिढ्या जुनं आहे. जासईच्या आंदोलनात १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा, मार्ग निघाला. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे आम्हाला नेते म्हणून कोणी पढवावे लागले नाहीत.

११ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर हवाई दलाचं विमान उतरलं, सगळ्यांनी व्हिडिओ टाकले. दिबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २०२२ ला झालाय. प्रत्येक सभेत नाव निघतं, टाळ्या पडतात. आमची आजी मागच्या खुर्चीवरून म्हणते, "विमानाला नाव देतील. माझ्या घराला कवा देतील?"

गरजेपोटीची घरं म्हणजे काय, ते या धाग्यावर किती जणांना माहीत असेल? कुटुंब वाढलं, जमीन गेलेली, म्हणून गावठाणाच्या कडेला परवानगीशिवाय बांधलेली घरं. ती नियमित करू, असं प्रत्येक निवडणुकीत सगळे म्हणतात. निर्णयही निघतात, पण मालमत्ता पत्रावर नाव चढत नाही. मी सगळ्या उमेदवारांच्या माणसांना एकच विचारते, निर्णयाचा कागद दाखवू नका, एका घराचं उतारा-पत्र दाखवा.

यावेळी गंमत म्हणजे ऐरोलीत वडील गणेश नाईक कमळावर आणि बेलापुरात मुलगा संदीप तुतारीवर. गावात कोणाला त्याचं नवल नाही. आमच्या आळीत असं एका घरात दोन पक्ष असणं पूर्वीपासून आहे. कुठलंही सरकार आलं तरी ओटीवर कोणीतरी ओळखीचं बसलेलं हवं.

वाशी

पहिलंच मतदान. मी उमेदवारांची शपथपत्रं वाचली, निवडणूक आयोगाच्या ॲपवर मिळतात. संपत्तीच्या रकान्याने घरात मनोरंजन झालं. गुन्ह्यांच्या रकान्याने गोंधळ, कारण जमावबंदी मोडून केलेलं आंदोलन आणि फसवणूक, दोन्ही एकाच तक्त्यात. बाबा म्हणाले, कलमं बघ, आकडा बघू नकोस. मग कलमं शोधण्यात रविवार गेला.

नौपाडा

कासारवडवलीताई, तुमचा तक्ता मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चौथा रकाना सुचवला, "गेल्या वेळी काय म्हणाला होता".

नेरूळ (२३ नोव्हेंबर, रात्री)

उशिरा लिहितेय. आमच्या बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी आल्या. कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे एक लाख वीस हजारांच्या वर. आमच्याकडच्या ३७७ च्या फरकामुळे आज सोसायटीच्या ग्रुपवर कोण मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला गेलं होतं याची चौकशी चालली आहे, दोन्ही बाजूंकडून. मी आदल्या संध्याकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. जुन्या सिडको इमारतींच्या पुनर्विकासावर दोन्ही मुख्य उमेदवारांची आश्वासनं शब्दाशब्दाने सारखी, तेव्हा शेवटी आमच्या फाइलचा पाठपुरावा आजवर कोणी केला होता, ते सोसायटीच्या जुन्या पत्रव्यवहारात बघितलं. पत्रांची पोच असते, आश्वासनाची नसते.

किसननगर (१० मार्च २०२५)

आज अर्थसंकल्प झाला. आईने कामावरून फोन करून विचारलं, एकवीसशे आले का त्यात? नाही म्हणून सांगितलं. कासारवडवलीच्या ताईंना विचार म्हणाली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं.

कासारवडवली

दुसऱ्या. राज्य सरकार. आणि सासूबाईंच्या चौथ्यात पण. मी दोन्हीकडे लिहिलंय.